कुत्री सोपवली तो दिवस

मला कुत्री कधीच आवडली नाहीत. रात्रभर भुंकतात, अंगण उकरतात, वर आपणच त्यांच्या मागे भाकरी घेऊन फिरायचं! तरी मैत्रिणीची कुत्री सांभाळायला मी हो म्हणून बसले होते. तिचं लग्न ठरलं होतं वरवट बकालला, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. माहेरी तिच्या वहिनीला कुत्री डोळ्यांसमोर नको. सासरी न्यावी, तर "हुंड्यात कुत्री आणली म्हनतीन लोक," असं तीच हसत म्हणायची. राहता राहिले मी.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. आम्ही लोणारच्या, तळ्याच्या वरच्या कडेला राहणाऱ्या. एकदा हळद लागली की नवरीला गावाची शीव ओलांडता येत नाही. म्हणून त्याआधीच खाली काठावरच्या देवीपुढे अक्षत ठेवायला आम्ही तिघी निघालो. ती, मी आणि आमची तिसरी, जिचं तोंड झोपेतही बंद नसायचं. कुत्री सोबत होतीच.

"आज दिवसभर तुह्याजवळ राहू दे तिले," मैत्रीण उतरता उतरता म्हणाली. "एकदा का तुहं ऐकाले लागली, का मी सुखानं जाईन."

देवीपुढून बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वैशाखातलं ऊन ते, आणि खाली त्या खोलात वाऱ्याचं नाव नाही. काठाकाठानं चालू लागलो. हिरवं, जड पाणी, कडेला पांढरा फेस, त्याच्या अलीकडे पापडासारखी वाळलेली खाऱ्या मातीची साय. पाय टाकला की ती मोडायची आणि खाली गार लागायचं. कुठंतरी मोर ओरडला की तोच आवाज पलीकडून, मग आणखी पलीकडून यायचा. चालता चालता मला वाटायला लागलं, आपण जागच्या जागी आहोत आणि काठच आपल्या पायांखालून सरकतोय. असंच चालत राहावं, वर गाव नसावं, लग्न नसावं, काही नसावं. इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

"समुद्र असाच असते काय वं?" तिसरीने विचारलं.

आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता.

"असाच," मैत्रीण म्हणाली. "फक्त तिकडचा काठ दिसत नाही म्हनतात."

"बाई! मंग लोक पाहाले तरी काऊन जातात?"

मी मधून मधून कुत्रीला गूळभाकरीचा तुकडा द्यायची. ती तो घ्यायची आणि सरळ मैत्रिणीच्या पायांशी जाऊन खायची. भाकरी माझी आणि शेपूट हलायचं तिच्यासाठी. माझा तर जीव जळायचा. मैत्रीण तिला माझ्याकडे लोटायची, "जाय, तिच्याजवळ जाय," आणि तोंड फिरवून हसायची. ते हसू मला दिसायचं.

मग कुत्रीला तहान लागली. जीभ बाहेर टाकून ती चिखलातून थेट पाण्याकडे निघाली. त्या पाण्याला आमच्याकडची गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. मैत्रिणीने हाका मारल्या, "यू, यू, ये माय माही." कुत्रीने कान हलवला नाही. तोंड पाण्याला लागणार तेवढ्यात मी जिवाच्या आकांताने ओरडले, "ए मेले! फिर मांगं!"

ती जागीच थांबली. वळली आणि चिखलाचे पाय ओढत माझ्यापुढे येऊन बसली. आम्ही प्यायला तांब्या आणला होता. मी ओंजळीत पाणी ओतलं, ती लपालपा प्यायली.

तिसरीने टाळ्या पिटल्या. "झालं बाई! कुत्री हिची झाली!"

"हाव," मैत्रीण म्हणाली. दगडावर बसली आणि तळव्यांची पांढरी माती चोळत राहिली. बराच वेळ चोळत राहिली. मग मला तिचे खांदे हलताना दिसले.

"काऊन वं?" मी विचारलं. "तुलेच तं पाह्यजे होतं हे."

"हाव ना," ती म्हणाली. "मलेच पाह्यजे होतं."

परत चढताना ती मुद्दाम मागे राहिली. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो." कशासाठी ते मला कळलं. तिसरी बडबडत वर निघून गेली. मी मात्र जितकं हळू चढता येईल तितकं चढत होते. पायात काटा गेल्याचं सोंग केलं, झाडाच्या सावलीला टेकले. कुत्री माझ्या पुढ्यात. खाली वळणावर मैत्रीण उभी होती, पदर तोंडात धरून, हाक न मारता. आणि ही बया वर गावाकडे बघत उभी! एवढी वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती मागे उभी आहे, हिला त्याचं काही नाही. असा संताप आला मला, की एक लाथ घालावीशी वाटली.

मी खाली वाकले, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि कानाशी म्हणाले, "पाह्य नं वं मांगं. एकदा तरी पाह्य."

तिने माझा हात चाटला.