दादा आला की माग थांबायचा

या सदरातली भुतं मला आजवर फार रिकामटेकडी वाटत आली. पिंपळावर बसायचं, पैंजण वाजवायचे, वाटसरूकडे तंबाखू मागायची... दुसरा उद्योगच नाही. मी सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आवाज म्हणजे कंपनं, आणि कंपनं व्हायला काहीतरी हलावं लागतं, हा धडा मी इतक्यांदा घेतलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहिते. यात भीतीदायक असं फार नाही, माझी चूक मात्र आहे, आणि ती ज्याच्यापाशी कबूल करावी असं आता घरात कोणी उरलेलं नाही.

आमचं घर नागपूरला, तांडापेठेत. आम्ही कोष्टी. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि त्यावर हातमाग. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे. पायाखाली दोन पावड्या. डाव्या पायानं एक दाबायची, धोटा इकडून तिकडे जायचा, फणीचा ठोका बसायचा. मग उजव्या पायानं दुसरी, की धोटा परत. दिवसभर हेच. बाबांच्या उजव्या पायावरून लहानपणी बैलगाडीचं चाक गेलं होतं, त्यामुळे तो पाय पावडीवर पडायला जरासा उशीर व्हायचा. गल्लीतले बाकीचे माग सरळ खटखट करत चालायचे. आमचा चालायचा खट... खटखट... खटखट असा. शाळेतून येताना कोपऱ्यावरच कळायचं, बाबा कामाला बसलेत.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो त्याच मागाशेजारी टांगलेल्या झोळीत वाढला. मी मायसोबत धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरायला शिकले. हा मात्र डबे, पाट, माझी पाठ, जे सापडेल ते वाजवत फिरायचा. आधी भजनी मंडळात ढोलकी, मग महाल भागातल्या एका गुरुजींकडे तबला. गुरुजी त्याच्यावर खूश होते, एक गोष्ट सोडून. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं सगळ्यांनी एकदम येऊन पोचायचं. तिथं दादा केसभर उशिरा यायचा. "तुझी सम लंगडते रे," म्हणून त्यांनी त्याच्या बोटांवर पट्ट्याही मारल्या. काही फरक पडला नाही.

मी सातवीत असताना, म्हणजे चौसष्ट-पासष्टच्या सुमारास, गल्लीतल्या गणपतीत दादाचा एकट्याचा तबला ठेवला होता. बाबा स्वतः विणलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. एरवी ते कुठं जायचे नाहीत. दादानं सुरुवात केली, लोक डोलायला लागले. पाच-सात मिनिटं झाली असतील... आणि बाबा उठले. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या समोरून, चालत निघाले. स्टेजवर तबला चालूच होता. त्याचा ठेका आणि बाबांचं चालणं — दोन्ही एकच होतं. मागची पोरं फिदीफिदी हसली. मीही ऐकलं, मीही पाहिलं.

दादा घरी आला तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"चार लोकात बापाच्या पायाची नक्कल करतं का बे?"

"कायची नक्कल, बाबा? तुमी काय म्हणून राहिले, मले तर काईच समजून नाही राहिलं!"

त्याला खरंच समजत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. झोळीत असल्यापासून जे कानावर पडलं तेच हातातून येत होतं. स्वतःचं बोलणं कसं ऐकू येतं ते माणसाला कुठं माहीत असतं? पण बाबा आत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. दादानं उंबरठ्यात पाऊल ठेवलं की माग थांबायचा. बाबा धोटा खाली ठेवायचे, धागा बघितल्यासारखं करायचे, नाहीतर पाणी प्यायला उठायचे. दादा बाहेर गेला की खट... खटखट पुन्हा चालू. बोलणंही जवळजवळ बंद. दादा मग समोरच्या नत्थूकाकांच्या ओसरीवर जाऊन बसायचा. नत्थूकाकाही विणकर, बाबांचे जन्माचे सोबती. तिथून आमचा माग ऐकू यायचा.

"बाबाचा राग कदी जाईन वं, शकुन?" तो मला विचारायचा. मी बारा वर्षांची पोर, मी काय सांगणार?

तीन वर्षांनी तो मुंबईला गेला. तिथून एका नाचाच्या ताफ्याबरोबर परदेशात गेला आणि तिकडेच राहिला. त्याची पत्रं यायची. आज ब्राझीलच्या एका ढोलवाल्याबरोबर, उद्या तुर्कस्तानच्या, परवा आणखी कुठल्या. जगातली चामड्याची जेवढी वाद्यं असतील तेवढ्यांना हात लावायचं वेड लागलं होतं त्याला. आणि गंमत बघा, ज्या लंगड्या समेपायी गुरुजींनी पट्ट्या मारल्या, त्या समेचं तिकडच्या लोकांना भारी कौतुक. हा ताल कुठला, असं विचारायचे. दादा सांगायचा, नागपूरचा.

मग एक पत्र आलं. मी ते बाबांना मागापाशी उभं राहून वाचून दाखवलं. "इथल्या एका म्हाताऱ्या आफ्रिकन ढोलवाल्यानं माझं वाजवणं ऐकून विचारलं, तुझ्या घरात कोण लंगडतं? शकुन, मला आज कळलं बाबा का उठून गेले. त्यांना सांग, ती नक्कल नव्हती. मला दुसरा तालच येत नाही."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "धागा तुटला," म्हणाले आणि मागाखाली वाकले. धागा तुटला नव्हता, मी बघत होते.

पुढं तीन-चार वर्षांनी बाबा गेले. दादा पोचला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. आल्या आल्या त्यानं एकच विचारलं, "जाताना माहं नाव काढलं का त्याइनं?"

मी म्हणाले, "नाही."

खरं बोलायची मला खोडच होती, आणि तिचा अभिमानही होता. दादानं मान हलवली आणि तो मोरीवर तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. माग आम्ही उमरेडच्या एका पाहुण्याला देऊन टाकला. खड्डा बुजवून वर फरशी घातली.

आता जे घडलं ते सांगते. ऐंशीच्या पुढचं एखादं साल असेल. दादा मायला भेटायला आला होता. सोबत टेपरेकॉर्डर आणि त्याची एक कॅसेट. एका मोठ्या हॉलमध्ये तो आणि तीन परदेशी वादक, एवढ्या चौघांचं रेकॉर्डिंग. रविवार होता, सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील, खोलीत लख्ख ऊन. दादानं कॅसेट लावली आणि तो आंघोळीला गेला. माय तांदूळ निवडत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"शकुन, माग कोण चालवून राहिलं वं?"

मी म्हटलं, गल्लीतला कोणाचा तरी असेल. पण तोवर आमच्या टोकाला हातमाग उरलेच नव्हते. मी उठून टेपला कान लावला. तबला होता, ते मोठाले ढोल होते... आणि त्यांच्या मागे, स्वच्छ, खट... खटखट... खटखट. धोटा मागाच्या कडेच्या पेटीवर आपटल्याचा लाकडी आवाजसुद्धा. दादाचा तबला जिथं उशिरा पडे, तिथंच तोही उशिरा पडे. दोघं बरोबरीनं चालले होते.

तेवढ्यात दादा टॉवेल गुंडाळून आत आला. माग थांबला. तबला, ढोल सगळं चालू, फक्त माग बंद. टेप मागे नेऊन त्यानं तोच भाग परत लावला. "हे आयका, हा तुकडा." मी कान देऊन ऐकलं. काही नाही. चौघंच वाजवत होते.

मी विज्ञानाची बाई. मी प्रयोग केला. "चौकातून तर्री-पोहे घेऊन ये ना रे," म्हणून दादाला बाहेर पाठवलं. तो गेला आणि मी टेप सुरुवातीपासून लावली. माग होता. रिवाइंड केलं, पुन्हा होता. टेप दुसऱ्या खोलीत नेली, तिथंही होता. मी पेन्सिलनं टेबलावर ठोके धरले, एकही चुकला नाही. माय पदर तोंडाशी धरून बसली होती. मग अचानक, अर्ध्या ठोक्यावर, माग तुटल्यासारखा थांबला. मी मागे वळून पाहिलं. दादा दारात होता, हातात पोह्यांचा पुडा, एक पाय उंबरठ्याच्या आत.

"काय झालं वं? अशा काहून बसल्या दोघी?"

"काही नाही," माय म्हणाली.

त्यानं आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग टेपकडे. "कसं वाटलं?"

"छान वाजवलंस," मी म्हणाले.

मग त्यानं विचारलं, "बाबाले आवडलं असतं का वं?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा माणूस मेल्यावरही पोराला माफ करत नाही. इतक्या लांब, परदेशातल्या टेपमध्ये येऊन बसतो आणि पोरगा दिसला की हात आखडतो! हे दादाला कुठल्या तोंडानं सांगू? आयुष्यभर खरं बोललेली मी म्हणाले, "आता ते कशाला काढतोस? पोहे थंड होतील."

त्यानं टेप बंद केली. मागून स्वयंपाकघरात माय मला म्हणाली, "सांगू नको त्याले. अजून राग गेला नाही त्याइचा." आम्ही दोघींनी तोंड शिवून घेतलं. आठ दिवसांनी तो गेला, कॅसेट आमच्याकडे ठेवून. पुढं त्याची पत्रं कमी होत गेली. एकात लिहिलं होतं, आता शिकवतो, स्टेजवर फारसा बसत नाही, मन लागत नाही. त्यानंतर चार वर्षांनी त्याच्या मित्राची तार आली. तिकडेच हृदयविकारानं गेला, तिकडेच अंत्यसंस्कार झाले. एका पेटीतून तबला-डग्गा तेवढा घरी आला.

नत्थूकाका भेटायला आले. पेटीशेजारी बसून ते डग्ग्यावरून हात फिरवत राहिले. माय म्हणाली, "बापाचा राग घेऊनच गेला माहा पोरगा."

नत्थूकाकांनी मान वर केली. "राग? कायचा राग?"

"मंग तो आला का माग बंद काहून ठेवत होते?"

"अवं, लाजे तो!" नत्थूकाका म्हणाले. "त्या गणपतीपासून. मले म्हणे, पोट्ट्यानं माह्या पायाचा आवाज पाठ केला गा, आता त्याच्यासमोर पाय हालवाची लाज वाटते. ते आफ्रिकेवाल्याचं पत्र आलं ना, त्या दिवशी मले चहा पाजला त्यानं. म्हणे, माहा लंगडा पाय जग फिरून राहिला. मंग तर अजूनच लाजे. म्हणे, आता एवढ्या मोठ्या माणसासमोर कसा विणू?"

"तुम्ही हे कधी सांगितलं का नाही, काका?" माझा आवाज चढला.

"मले वाटलं, घरात सगळ्याइले मालूम असन," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

मी कॅसेट लावली. त्यांना काही सांगितलं नाही. अर्ध्या मिनिटात त्यांचा उजवा पाय फरशीवर आपोआप दबायला लागला, किंचित उशिरा. "काठ विणून राहिला हा," ते पुटपुटले आणि डोळे पुसायला लागले. माग त्या दिवशी शेवटपर्यंत थांबला नाही.

स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. टेपवर टेप उतरली असेल म्हणावं, तर बाबांचा माग कोणी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता. आमच्या दोघींच्या मनाचे खेळ म्हणावे, तर नत्थूकाकांचं काय? आणि तो दारात आला की थांबायचा, ते कुठल्या नियमात बसवू? मी प्रयत्न सोडून दिलाय.

मला छळतं ते वेगळंच. त्या रविवारी दादानं मला सरळ विचारलं होतं. जे ऐकलं ते मी जसंच्या तसं सांगितलं असतं, तर तो पोहे तिथंच टाकून समोरच्या घरी धावला असता, बाबांबद्दल विचारायला त्याला दुसरं होतंच कोण? नत्थूकाका त्या सकाळी त्यांच्या ओसरीवरच बसले होते. आमच्या दारातून ते मला दिसत होते.