न बोलणाऱ्या सरांचा तास

अश्वजित सर वर्ध्यात एका शिकवणीत दहावीला विज्ञान शिकवायचे. आवाज खणखणीत, आणि गालात तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा. दिवसाला चार पुड्या. बेचाळिसाव्या वर्षी जिभेवर जखम झाली. नागपूरला ऑपरेशन झालं, अर्धी जीभ गेली. त्यानंतर त्यांचं बोलणं बायकोलाही कळेना.

शिकवणीचा मालक सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरी आला. "सर, पोरं हासून राह्यली. पालकाईचे फोन येतात," म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

तीन महिने सर घरात बसून होते. काही हवं असलं की जुन्या डायरीत चित्र काढून दाखवायचे. त्यांची बायको रुचिका अंगणवाडीत होती. एक दिवस ती म्हणाली, "मले असं समजते, तर पोराईले काऊन नाई समजणार?"

सरांनी ऑनलाइन तास सुरू केला. लॅपटॉपवर ते अर्धवट चित्रं तयार करत. मुलं आपापल्या मोबाइलवरून त्याच पानावर बाण काढत, रंग भरत, स्वतःच्या शब्दांत टिपणं लिहीत. सूचना रुचिका वाचून दाखवायची. आर्वीजवळच्या खेड्यातल्या अपेक्षानं हृदयाच्या जागी मोटारपंप काढला, एक पाइप लाल, एक निळा. सर खूप हसले. हसताना लाळ गळली, ती त्यांनी पंच्यानं पुसली. अकरा मुलांची चाळीस झाली.

काही महिन्यांनी मानेत गाठ आली. आता ऑपरेशन होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सर उरलेल्या धड्यांची पानं करत राहिले. बसवेना, तेव्हा रुचिका लॅपटॉप धरून पलंगाशी उभी राहायची.

एका तासाला अपेक्षानं पानावर लिहिलं, "सर, तुमी बोलत काऊन नाई? आमच्यावर राग आहे काय?"

माइक बिघडलाय असं रुचिका सांगणार होती. सरांनी तिचा हात धरला. त्यांनी पानावर उघड्या तोंडाचं चित्र काढलं, त्यात अर्धीच जीभ, शेजारी खर्र्याची पुडी. खाली लिहिलं : बाण तुम्ही काढा.

मग पुडीकडून जिभेकडे एक बाण आला. पाठोपाठ चार-पाच आले. अपेक्षानं कोपऱ्यात लिहिलं, "माझे बाबा पण खातात." तिच्याखाली आणखी सहा मुलांनी तेच लिहिलं.

सर ऑगस्टमध्ये गेले. दोन धडे राहिले होते. ठरल्या वेळी रुचिकानं तास उघडला आणि मुलांना सांगितलं. एकेक करून मुलं तासातून बाहेर पडली.

दिवाळीनंतर तिनं अपेक्षाला फोन केला. बाबांचं विचारलं.

"खाऊनच राह्यले, मॅडम. मी सरांचं ते जिभेचं चित्र दाखवलं, तर बाबांनी माझा मोबाइलच घेऊन घेतला. हा फोन आईचा आहे."

"अभ्यास?"

"पुस्तकातून करून राह्यली," अपेक्षा म्हणाली.