बाळूच्या हातचं पॉलिश

बाळू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. भाचा रडत म्हणाला, "आत्या, अप्पा गेले." मी फोन ठेवला, आणि खोटं कशाला सांगू, मनात पहिला विचार आला तो हा की, आता तरी हा गप्प बसेल. पाठच्या भावाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण गेल्या महिन्यात सांगलीत त्याची शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि बाळासाहेबांच्या हातात कशी जादू होती, त्यांनी पॉलिश केलेल्या दारात तोंड कसं दिसायचं, हे गहिवरून सांगू लागली. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. बाळूचा हात मला चांगला ठाऊक होता. तो बहुतेक वेळ पॅन्टच्या खिशात असायचा.

आमचे वडील फौजेत होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते लाखेचं पॉलिश शिकले आणि पेन्शनीत आल्यावर कराड सोडून सांगलीत त्यांनी तोच धंदा धरला. घरातली दारं, चौकटी, भिंतीतली कपाटं. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालायची, विरघळली की फडक्यातून गाळायची, आणि मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात बुडवून लाकडावर अलगद गोल गोल फिरवत राहायचा. हात थबकला की तिथं डाग पडतो. एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. या कामाला धीर लागतो आणि तोंड बंद ठेवावं लागतं. बाळूला दोन्ही जमत नव्हतं. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला वडिलांची नजर गेली. माझं लग्न मोडून मी तेव्हा माहेरी परतले होते. त्यांच्या शेजारी बसून मी सगळं शिकले, आणि मग काम माझ्याकडंच आलं. अडचण एवढीच की, पॉलिशला बाई आली म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. म्हणून नाव बाळूचं. टेरिलीनचा शर्ट, खिशात कंगवा, असा तो ऐटीत पुढं चालायचा. "आक्का, तू आतल्या खोलीपास्नं सुरुवात कर. म्होरलं मी बघतो." म्होरलं म्हणजे सोप्यातली खुर्ची आणि मालकाच्या घरचा चहा.

हे मी काही वर्षं चालू दिलं. मग एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या नव्या घराचं काम आलं. सागवानी दारं, सुरेख रेषांचं लाकूड. श्रावणात वास्तुशांत होती. निम्मं काम झालं आणि साताऱ्याला मावशी आजारी पडली. निघताना मी बाळूला बजावलं, "पाऊस उघडल्याबिगर बोळा धरू नगंस. वल्या हवेत लाख पांढरी पडती."

"मला शिकवतीस व्हय? मी काय आज आलोय या धंद्यात?"

मी परतले ती एस.टी.तून उतरून थेट त्या घरी. दारं ताकानं पुसल्यासारखी दिसत होती. बाहेर पावसाची झड आणि आत या शहाण्यानं न वाळलेल्या थरावर थर चढवलेले! शेठजी लालबुंद होऊन उभे होते आणि बाळू त्यांना समजावत होता, "काय सांगू शेठ, आमची आक्का मधी हात घालून गेली. बाईमाणसाचं काम… किती येळा सांगितलं हिला." मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होते. त्यानं मला पाहिलं. मला वाटलं, आता मान खाली घालील. छे! डोळ्यानंच खूण केली, गप्प राहा म्हणून.

मी गप्प राहिले. घरात आंधळे वडील, आणि सारं घर याच कामावर चाललेलं. उघडीप मिळाली तशी सगळ्या खिडक्या उघडून मी हवा खेळू दिली. स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेला बोळा हलकेच फिरवत गेले, तसा पांढरेपणा निघाला आणि खालचं तांबूस लाकूड वर आलं. मग नवे थर. शेवटी खांदा इतका भरून आला की वेणी घालायला हात वर जाईना. बाळू सोप्यात शेठजींना मिलिटरी पॉलिशच्या गोष्टी सांगत होता, बिघडलेलं आपणच सुधारतोय असं भासवत.

वास्तुशांतीला भर मांडवात शेठजींनी बाळूच्या अंगावर शाल घातली. आणि त्यानं ती घेतली! वर म्हणतो, "त्यात काय एवढं शेठ, हाताला सवयच हाय." मी बायकांच्या पंगतीत होते. लाखेनं माझी बोटं विटकरी झाली होती. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "मेंदी लय रंगलीया की तुमची!"

घरी येताना वाटेतच मी त्याला थांबवलं. "उद्या शेठकडं जायचं आणि सांगायचं, कुणी बिघडवलं आणि कुणी नीट केलं."

तो हसला. "आक्का, नाव घरातच ऱ्हायलं न्हवं? तुझं काय नि माझं काय."

"माझ्याकडं बोट दावताना न्हाई आठवलं घर?"

"मग काय सांगणार हुतो? गिऱ्हाईक तुटलं असतं…"

तो गेला नाही. मी एक दिवस वाट पाहिली आणि कपडे बांधले. वडिलांच्या पाया पडले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लाखंचा डबा भरून ने पोरी." कराडला एका डॉक्टरीणबाईंनी आधी एक कपाट देऊन पाहिलं, मग सगळं घर दिलं. तिथून पुढं मी माझ्या नावावर काम केलं आणि माझ्या खोलीत राहिले. बाळूकडं कारागीर टिकेनात. शेवटी त्यानं सनमायकाचं दुकान टाकलं. लाकडावर दुसऱ्याचं रूप चिकटवायचा धंदा, त्याला अगदी शोभला. त्या शेठजींना तो शेवटपर्यंत खरं काही बोलला नाही. आणि लग्नाकार्यात भेटला की चारचौघांत माझी ओळख करून द्यायचा, "ही आमची आक्का. मीच तयार केलीया हिला."

शोकसभेनंतर मी त्याच्या घरी गेले. सगळं घर सनमायकानं चकचकतंय. भावजय मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथं वडिलांचं लाकडी कपाट होतं. त्याच्यावर पॉलिशचे ओघळ, बोळा चिकटून उठलेले डाग, कोपऱ्यात पांढुरकं झालेलं. इतकं भिकार काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आवं वन्सं, मामंजी गेल्यावर दार लावून एकट्यानंच केलं हे," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून फडक्यानं पुसायचे. कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत."

भाचा मागं येऊन उभा राहिला. "आत्या, लय घाण दिसतंय. तुमी एकदा नीट करून देता का?"

मी कपाटाच्या दारावरून बोटं फिरवली. खडबडीत होतं. काचपेपर मारायचासुद्धा कंटाळा केला होता गाढवानं… डोळे भरून आले, त्याचाही मला रागच आला.

"राहू दे," मी म्हटलं. "हे त्यानं स्वतः केलंय."