दूध डेअरीतल्या आकाशगंगा

शेजारच्या आकाशगंगांच्या मध्यभागातला वायू किती गरम, किती दाट, हा माझ्या पीएचडीचा विषय. पुण्यात त्यावर चर्चासत्रं झाली, पण लक्षात राहिलंय ते सगळं केजजवळच्या आमच्या गावातल्या सहकारी डेअरीत घडलेलं. दुष्काळाच्या काळात मी घरी होतो. नीट इंटरनेट फक्त डेअरीत, म्हणून लॅपटॉप घेऊन तिथंच बसायचो. किस्से साचत गेले. दूध काही तेवढं साचलं नाही; डेअरीतसुद्धा चहा कोराच मिळायचा.

पहिल्याच दिवशी चेअरमन अप्पांनी विचारलं, "शेजारच्या म्हंजी किती लांब?"

"कोटभर प्रकाशवर्षं."

"आन् काल केजला जा म्हनलं तर लांब पडतं म्हनलास."

*

एकदा सांगत होतो की, या ढगांना आम्ही दाट म्हणतो, पण आपल्या मापानं त्यांच्यात जवळजवळ काहीच नसतं.

"त्यात काय नवल," अप्पा म्हणाले. "आपला पान्याचा टँकरबी कागदावर भरलेलाच येतो."

*

दुधाचं फॅट मोजणारा सचिव भागवत मात्र मन लावून ऐकायचा. हायड्रोजन थेट दिसत नाही, म्हणून त्याच्यातल्या चिमूटभर कार्बन मोनॉक्साइडचा उजेड मोजायचा आणि ठरलेल्या आकड्यानं गुणून सगळा वायू काढायचा, हे त्याला लगेच कळलं. वाटीभर नमुन्यावरून कॅन ओळखणं त्याचं रोजचंच काम.

"मधला वायू बाहेरच्यापरीस गरम हाय म्हनतोस," तो म्हणाला. "मंग दोन्हीला आकडा एकच कामून रं?"

त्याचं खरं होतं. गरम वायू जास्त चमकतो, त्यामुळं माझ्या हिशोबात मधला वायू आहे त्यापेक्षा जास्त दिसत होता. प्रबंधातलं ते प्रकरण पुन्हा लिहिण्यात सहा महिने गेले. भागवतचा लई राग आला होता, खोटं कशाला बोलू.

*

शेवटी चिलीच्या वाळवंटातल्या दुर्बिणीवर मला एक रात्र मिळाली. ती हुकली तर प्रबंध वर्षभर लांबणार होता. या कामाला हवा एकदम कोरडी लागते. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, दूध घालायची वेळ. मी लॅपटॉप उघडून बसलो, कॅन घेऊन आलेले सगळे भोवती उभे.

सात वाजता निरोप आला. निरीक्षण रद्द.

"काय झालं रं?" अप्पांनी विचारलं.

"पाऊस पडतोय तिथं."

"वाळवंटात?"

"हो. धो धो."

मला रडू येत होतं. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भागवत," ते म्हणाले, "समद्यांना चहा सांग. कोरा नको."