पांडाचं दुखणं

सकाळी पोह्यांबरोबर सगळ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायची मला खोड आहे. परवा बांबू चघळणाऱ्या पांडा मादीचा गोंडस फोटो पाहून उत्साहाने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळलो. तिच्या योनिमार्गात जंतुसंसर्ग झाला होता. मी खाकरून ‘पोटदुखी’ असं वाचलं.

"बाबा, पोट कुठंय त्यात?" म्हणत लेकीने पेपर ओढून घेतला आणि एकही शब्द न गाळता बातमी वाचली.

मुक्कामाला आलेल्या माझ्या आत्याने बशी खाली ठेवली. "मग मलाही डॉक्टरकडे ने रे. कधीचं अंगावरून पांढरं जातंय, आग होतेय. त्या अस्वलाला लाज नाही, मग मीच का धरू?"

आमच्याकडे गुडघे, बीपी, अगदी मूळव्याधसुद्धा पाहुण्यांसमोर गप्पा मारतात. एवढ्या एकाच दुखण्याला आम्ही आतल्या खोलीत कोंडलं होतं. पेपरातली ही पांडाबया मात्र साऱ्या जगासमोर दुखणं घेऊन खुशाल चघळत बसली होती. ते काही नाही! आता मी गिळलेला तो शब्द बैठकीतच बसेल. ज्याला खटकेल त्याने गॅलरीत जाऊन पोहे खावेत.

चपला घालता घालता बायको म्हणाली, "आत्यांबरोबर शेजारच्या मालूताईंनाही नेते. त्यांनाही तोच त्रास आहे, भिंतीपलीकडून सगळं ऐकून आत्ताच हाक मारून सांगितलं त्यांनी."