रुख्माबाईची पवनचक्की

गोंदियाला रेल्वे नवी नवी आली होती, तेव्हा आमच्या गावच्या मालगुजाराला, म्हणजे गावाच्या जमीनदाराला, टेकचंदजीला, पवनचक्की बांधायची हुक्की आली. चोरखमारा गावाच्या वाटेवर टेकडावर त्यानं दगडी बुरूज उभा केला, वर लाकडी पंखे लावले, आत भलंमोठं जातं बसवलं. भात खाणाऱ्या गावात पिठाची चक्की! धान टाकलं की तांदळाची कणी व्हायची, आणि वारा तर वाट बघूनही यायचा नाही. आला तो एका वैशाखात, वादळ होऊन, आणि पंखेच घेऊन गेला. मालगुजाराची हौस फिटली. मग त्या बुरुजात कधी बियाण्याचं धान राहिलं, कधी शेळ्या.

त्या शेळ्या हाकलल्या रुख्माबाईनं.

रुख्माबाई बकारामची बायको. ठेक्यानं घेतलेल्या धानाच्या बांध्यांत दोघं राबायचे. तिचं पहिलं बाळंतपण गोठ्याच्या पडवीत झालं. विटाळ म्हणून बाळंतिणीला घरात ठेवत नसत. वरून गळती, खालून ओल. लेकरू गारठून गेलं. सासू म्हणाली, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्या तशी रुख्माबाई खापरात विस्तव घेऊन टेकडाकडे निघाली.

"कोठं जाऊन राहिली वं?" सासू मागून ओरडली.

"कोरड्यात," ती म्हणाली.

चैतराम तिथं जन्मला आणि जगला. भिंती जाड, जमीन कोरडी, शेकशेगडीचा धूर पंख्याच्या जुन्या भोकातून सरळ वर जायचा. मग शेजारणी येऊ लागल्या, मग आजूबाजूच्या टोल्यांमधल्या, वाड्यावस्त्यांवरच्या बाया. सुईण निराळी होती. रुख्माबाई जागा राखायची: सारवायची, लाकडं भरून ठेवायची आणि दाराशी घुटमळणाऱ्या नवऱ्यांना शिव्या घालायची.

टेकचंदजी गेले. त्यांच्या मुलाला, केशोरावला, गावात धानाची गिरणी टाकायची होती आणि इंजिनाच्या पायाला घडीव दगड हवा होता. बुरूज त्याचाच, अडवणार कोण? पण आत बाळंतीण असताना भिंतीला सब्बल लावायची कोणाची छाती होत नव्हती. छठीच्या, म्हणजे सहाव्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळी लिहिते, तोवर त्या जागेला हात लावायचा नाही, हे केशोरावही मानायचा.

"रिकामा झाला का पाडतो," तो म्हणाला.

"मंग रिकामाच होऊ देत नाही," रुख्माबाई म्हणाली.

तिनं टोल्या पालथ्या घातल्या. कोणाच्या घरी कोणाचे दिवस भरत आले, सगळं तिला तोंडपाठ. एक उठायच्या आत दुसरी हजर. केशोरावच्या गाड्या यायच्या, आतून लेकराचं रडणं ऐकायच्या आणि परत जायच्या. गाव हसायचं, केशोराव सोडून.

माघात घात झाला. शामकला नावाच्या पहिलटकरणीचा मुलगा दुसऱ्याच दिवशी गेला. पुढच्या बाईचे दिवस अजून भरले नव्हते. लेकरू नाही तर छठी नाही, आणि छठी नाही तर जागा मोकळी. पुरून माणसं परतली तोवर केशोरावच्या गाड्या निघाल्याचं कळलंच.

शामकला आपली गोधडी गुंडाळत होती. रुख्माबाई तिच्यापुढे बसली.

"उठू नोको, बाई. पडून राय."

मला इथं रुख्माबाईचा राग येतो, अजून येतो. लेकरावरची माती ओली आहे, आणि त्याच खाटेवर पडून राहा म्हणायचं! पण तसं म्हणायचा हक्क गावात कोणाला असलाच तर तो तिलाच होता. शामकलानं गोधडी पुन्हा पसरली.

केशोराव दाराशी आला. "रुख्माबाई, पोरगा तं गेला ना? आता छठी कोनाची?"

रुख्माबाईनं तोंड उघडायच्या आत उत्तर खाटेवरून आलं.

"पोरगा गेला, मालक. बाळंतीन आहो ना मी."

गडी खाली मान घालून उभे राहिले. केशोरावनं बैल वळवले. गिरणीचा पाया त्यानं विटांचा घातला आणि बुरुजाचं नाव पुन्हा काढलं नाही. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात रुख्माबाई गेली, तोवर बाया तिथंच बाळंत होत होत्या.

पण त्या दिवशी गाड्या वळल्या तरी शामकला उठली नाही. मालकाचं मन फिरायला काय लागतं, असं रुख्माबाईचं म्हणणं. पुढची बाई येईपर्यंत ती तशीच पडून राहिली. ती पुढची बाई म्हणजे माझी आई. मी जन्मलो आणि आईला दूध येईना. मी रडून रडून निळा पडलो, असं आई सांगायची. रुख्माबाईनं मला उचललं, शामकलाकडे पाहिलं आणि जागीच थबकली. एवढी जबर बाई, पण हे मागणं तिच्या तोंडून निघेना.

शामकलानं हात पुढे केले.

"दे इकडं," ती म्हणाली.