एकेचाळीस नंबरचं फाटक आणि डीलियाची तीनचाकी

...तर बिशपसाहेब मोटारीत बसून राहिले, आणि रेल्वेचं फाटक सांभाळणाऱ्या डीलियाच्या आईनं काही ते उघडलं नाही. कालची गोष्ट इथवर आली होती. तिकडं चर्चमध्ये बिशपसाहेबांचा आशीर्वाद घ्यायला पोरं नवे बूट घालून ताटकळलेली, आणि इकडं ही बाई लाल निशाण घेऊन रस्त्यात उभी. ड्रायव्हर ओरडला, "अहो बाई, गाडीत कोण बसलंय, ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आगगाडीत कोण बसलंय ते ठाऊक नाही. आणि तिला ब्रेक चटकन लागत नाही."

सतरा मिनिटं! मग मालगाडी गेली. तीन डबे बीट आणि एक बैल. तेव्हा कुठं बिशपसाहेब सुटले.

त्या आईची ही लेक. एकेचाळीस नंबरच्या फाटकाला लागून जे दोन खोल्यांचं घर आहे, त्यातच डीलिया टूमी जन्मली आणि आता शहात्तरीला आली तरी तिथंच आहे. गाड्या बंद झाल्या, रूळ उपटून नेले, काट्याकुट्यांनी मार्ग गिळला. मग तीन-चार वर्षांमागं जिल्ह्याच्या कार्यालयानं तो साफ करून खडी दाबली आणि सायकलवाल्यांसाठी हिरवी वाट केली. गावानं नाकं मुरडली. डीलियानं मात्र तीनचाकी सायकल घेतली. खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन चाकांवर तोल राहीना, म्हणून तीन.

आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून ती वाट सपाट. जे इंजिनाला सोसलं ते डीलियाच्या खुब्यालाही सोसलं. दर शुक्रवारी मागच्या टोपलीत सोड्याचा पाव, लोणी आणि हॅमचे काप ठेवून ती ड्रमकोराला निघायची. सहा मैल. थोरली बहीण ऊना तिथल्या वृद्धाश्रमात. ऊनाला आता माणसांची नावं आठवत नाहीत, पण वाटेतल्या जुन्या रेल्वे-बोगद्यात डीलियानं घंटी किती वेळा वाजवली हे ती दर वेळी विचारायची. लहानपणी दोघी त्या बोगद्याला भ्यायच्या.

आणि मग कार्यालयानं घरापासून तीस पावलांवर लोखंडी आडकाठी ठोकली. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून दोन खांब, मध्ये दीड हात जागा. तीनचाकीची रुंदी दोन हात.

डीलिया कार्यालयात गेली. तिथला इंजिनिअर फिन्टन क्युझॅक, गुळगुळीत दाढी केलेला, म्हणाला, "टूमीबाई, नियम आहे. तुम्ही रस्त्यानं जा ना."

"रस्त्यानं दुधाचे टँकर येतात, फिन्टन. एकदा तू बसून बघ माझ्या सायकलवर."

"माझ्या हातात काही नाही."

"मग माझ्या हातात आहे," म्हणून ती उठली.

तो शुक्रवार चुकला. ऊना दिवसभर खिडकीशी बसून होती, असं नर्सनं फोनवर सांगितलं. डीलिया फोन ठेवून सरळ पत्र्याची पेटी उघडायला गेली.

गंमत अशी की रेल्वेनं ते घर विकलं तेव्हा कुणा कारकुनानं त्या पेटीतल्या खरेदीच्या कागदावर लिहून टाकलं होतं, 'घर, फाटकांसकट'. दोन्ही पांढरी फाटकं डीलियाची! दर वसंतात ती त्यांना रंग द्यायची, बिजागऱ्यांना तेल घालायची. लोक हसायचे: "डीलिया, पाच दहाची गाडी आली का गं?"

रविवारी हिरव्या वाटेचा नवा तुकडा खुला व्हायचा होता. साठ सायकली, चट्टेरीपट्टेरी कपडे, पुढं फिन्टन. एकेचाळीस नंबरला येऊन बघतात तर काय, फाटक आडवं! आईनं ते रस्त्यावर घातलं होतं, लेकीनं रुळांच्या वाटेवर घातलं. मध्ये तीनचाकी, टोपलीत पाव, आणि बाईच्या हातात तेच विटलेलं लाल निशाण.

"टूमीबाई, हे काय चाललंय?"

"गाडी यायची आहे."

"कुठली गाडी? पन्नास वर्षांत गाडी नाही आली इथं!"

"ही माझी. तुझ्या खांबांपाशी अडकली आहे." तिनं कागद पुढं केला. फिन्टननं तो दोनदा वाचला. मागनं कुणीतरी ओरडलं, "फिन्टन, चार तर बोल्ट आहेत! पाना देऊ का?" दुसरा म्हणाला, "बाई, चहा मिळेल का?"

"किटली चुलीवरच आहे. कप घरातनं आणा," डीलिया म्हणाली. बघता बघता अर्धी मंडळी कुंपणावर बसून तिच्या टोपलीकडं बघायला लागली.

फिन्टन कानापर्यंत लाल. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, उद्या सकाळी माणूस पाठवून खांब काढतो. शब्द देतो. आता तरी उघडाल?"

डीलियानं निशाण काही खाली केलं नाही. म्हणाली, "मग उद्या सकाळी उघडते. आजच जायचं असेल तर त्या पानावाल्याला बोलव. आधी माझी गाडी जाईल, मग तुमची मंडळी. या घरानं बिशपला थांबवलंय, पोरा, तू तर सायकलवर आहेस."